यवतच्या माथ्यावरचा एबेल ३०

जानेवारी संपता संपता, रात्री साडेबारा-पाऊणच्या सुमारास यवतमधून सरळ वर पाहिलं की पुष्य नक्षत्र डोक्यावर असतं. पुनर्वसूचे दोन ठळक तारे आणि मघा यांच्या मधली जागा रिकामीशी वाटते, तीच ही. पुष्याची योगतारका म्हणजे कर्क राशीतला डेल्टा हा जेमतेम चौथ्या प्रतीचा तारा. त्याच्यापासून पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे, अर्ध्या अंशापेक्षा थोड्या जास्त अंतरावर एक ग्रहीय तेजोमेघ आहे. त्याचं नाव एबेल ३०. यवतचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश आणि एबेल ३०ची क्रांती अठरापेक्षा जराशी कमी, त्यामुळे तो रोज खमध्यापासून एका अंशाच्या आतून जातो. दुर्बिणीला हवेचा इतका पातळ थर भेदून आकाशात दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. यवतकरांना हे फुकट मिळालेलं आहे.

नुसता देखणा फोटो हवा असेल तर याच्या नादी लागू नये. त्यासाठी डंबेल तेजोमेघ आहे, स्वरमंडळातलं कडं आहे. दोन्ही एका रात्रीत छान उतरतात. एबेल ३० टिपायचा तो वेगळ्या कारणासाठी. याच्या मधोमध असलेला तारा एकदा म्हातारा होऊन विझू लागला आणि मग पुन्हा पेटला. त्याचा पुरावा दोन फिल्टरमधून घेतलेल्या फोटोंच्या फरकात दिसतो, आणि तो फरक घरच्या दुर्बिणीच्या आवाक्यात आहे.

आधी या वस्तूंबद्दल थोडं. ग्रहीय तेजोमेघांचा ग्रहांशी काही संबंध नाही. छोट्या दुर्बिणीतून त्यातले काही ग्रहाच्या फिकट चकतीसारखे दिसतात, म्हणून विल्यम हर्शेलने अठराव्या शतकाच्या शेवटी ते नाव दिलं आणि ते चिकटलं. सूर्यासारखा, किंवा सूर्याच्या सात-आठ पट वस्तुमानापर्यंतचा तारा आयुष्याच्या शेवटी फुगून तांबडा राक्षसी तारा होतो. त्याच्या गाभ्याभोवती हीलियमचा आणि त्याच्यावर हायड्रोजनचा असे दोन थर आळीपाळीने जळत राहतात. बाहेरचं आवरण सेकंदाला दहा-वीस किलोमीटरच्या संथ वेगाने निघून जातं आणि शेवटी आतला तापलेला गाभा उघडा पडतो. त्याचे अतिनील किरण निघून गेलेल्या वायूवर पडले की वायू उजळतो. हा उजेड टिकतो काही हजार वर्षं, फार तर वीसेक हजार. वायू पसरत जातो, तारा थंडावत श्वेतबटू होतो आणि सगळं अंधारात जातं.

जॉर्ज एबेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने पालोमार वेधशाळेच्या आकाश-सर्वेक्षणाच्या काचा चाळून असे विझायला आलेले, मोठे आणि फिकट तेजोमेघ शोधले. १९६६ साली त्याने ८६ नोंदींची यादी छापली. हौशी छायाचित्रकारांत ‘एबेल करतोय’ म्हटलं की समोरचा समजतो, आता या माणसाचे दोन-तीन महिने गेले.

फिकट म्हणजे नेमकं काय, हे इथे समजून घ्यावं लागतं, कारण नवख्यांचा सगळा गोंधळ इथेच होतो. एबेल ३०चं बाहेरचं कवच सुमारे १२७ विकला रुंद आहे, म्हणजे चंद्रबिंबाच्या पंधराव्या हिश्शाएवढं. त्याचा एकूण प्रकाश एवढ्या क्षेत्रावर पसरलेला आहे. दुर्बिणीचं वर्धन वाढवलं तर चित्र मोठं होतं, पण प्रत्येक पिक्सेलला मिळणारा प्रकाश कमी होतो. पोळी मोठी केली, तूप तेवढंच. ताऱ्याचं तसं नसतं, तो बिंदूच राहतो. म्हणून चौदाव्या प्रतीचा मधला तारा पाच मिनिटांच्या एका फोटोत सहज दिसतो, आणि त्याच्याभोवतीचं कवच त्याच फोटोत अजिबात दिसत नाही. इथे बहुतेकजण निराश होऊन दुसरीकडे दुर्बीण वळवतात. वळवू नये.

कवच दिसायचं तर त्याच्या रंगाचा उजेड तेवढा आत घेऊन बाकीचा बाहेर ठेवावा लागतो. हे जमतं याचं कारण तेजोमेघ ताऱ्यासारखे सगळ्या रंगांत चमकत नाहीत. २९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्स या इंग्रज हौशी निरीक्षकाने कालेय तारकासमूहातल्या एका ग्रहीय तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला तेव्हा त्याला अखंड पट्टा दिसलाच नाही. दिसल्या त्या मोजक्या चमकत्या रेषा. त्यातली सगळ्यात ठळक हिरवट रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्य मानण्यापर्यंत मजल गेली. साठ वर्षांनंतर, १९२७ साली, आयरा बोवेन यांनी उलगडा केला: ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या ऑक्सिजनची. प्रयोगशाळेतल्या उत्तमातल्या उत्तम निर्वातातही अणू एकमेकांवर इतके आदळतात की तिला संधीच मिळत नाही. तेजोमेघातला वायू त्याहून कितीतरी विरळ असतो, तिथे ती निवांत उमटते. तिची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ वर.

हौशी लोक वापरतात ते ‘ओ-थ्री’ आणि ‘एच-अल्फा’ फिल्टर याच दोन रेषांसाठी असतात. तीन नॅनोमीटर रुंदीचा ओ-थ्री फिल्टर दृश्य प्रकाशातला साधारण एक शतांश भाग आत सोडतो, पण तेजोमेघाची ती रेषा जवळजवळ पूर्ण सोडतो. महामार्गावरचे दिवे, गावातले एलईडी, पुण्याची उजळलेली पश्चिम, या सगळ्यांतलं ९९ टक्के बाहेर राहतं. एबेल ३०साठी सातऐवजी तीन नॅनोमीटरचा फिल्टर घ्यावा असं मी सांगेन, महाग असला तरी. एच-अल्फाच्या बाबतीत तर त्याला आणखी एक कारण आहे. नायट्रोजनची एक रेषा ६५८.४ वर, हायड्रोजनला खेटूनच आहे. सात नॅनोमीटरच्या फिल्टरमधून ती बेमालूम आत शिरते आणि मग आपण जे हायड्रोजन समजतो ते हायड्रोजन असेलच असं नाही. इथे तर आपला सगळा मुद्दा हायड्रोजन आहे की नाही हाच आहे.

एबेल ३०चं बाहेरचं गोल कवच ही पहिली, नेहमीची फेक. त्यात हायड्रोजन आहे आणि ते हजारो वर्षं जुनं आहे. पण अगदी मध्ये, ताऱ्यापासून पाच-सात विकलांच्या अंतरापासून पुढे, वायूच्या गाठी आहेत. १९८० च्या सुमारास या गाठींचा वर्णपट घेतला तेव्हा त्यांत हायड्रोजन जवळपास नाहीच असं दिसलं. हीलियम, ऑक्सिजन, कार्बन आहेत. विश्वातला सर्वांत मुबलक वायू मात्र नाही. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूत हायड्रोजन नसणं याचा अर्थ, फेकण्याआधी तो जाळून झाला होता.

घडलं ते असं. तारा श्वेतबटू होण्याच्या मार्गावर होता, जळण थांबलेलं होतं. पण पृष्ठाखाली हीलियमचा पातळ थर शिल्लक होता आणि तो अचानक पेटला. त्या भडक्याने आतला वायू उसळून वरखाली घुसळला गेला, वर उरलासुरला हायड्रोजन होता तो आत ओढला गेला आणि तिथे जळून संपला. तारा पुन्हा फुगून राक्षसी झाला आणि आतला, हायड्रोजन नसलेला माल बाहेर टाकला. मग पुन्हा आकसला आणि तापला. याला ‘फार उशिरा आलेला औष्णिक स्पंद’ असं म्हणतात. संशोधक बोलताना सरळ ‘पुनर्जन्म’ म्हणतात. हे कागदावरचं गणित नाही. २० फेब्रुवारी १९९६ रोजी युकिओ साकुराई या जपानी हौशी निरीक्षकाला धनू राशीत एक नवा तारा दिसला, तो नोव्हा निघाला नाही. एका म्हाताऱ्या ताऱ्याचा हाच पुनर्जन्म त्या वेळी आपल्या डोळ्यांदेखत चालू होता आणि मोजक्या वर्षांत त्याचं रूप पार पालटलं. एबेल ३०मध्ये ही घटना आपल्याला दिसते त्या रूपात सुमारे ८५० वर्षांपूर्वीची, हबलच्या वेगवेगळ्या काळातल्या फोटोंत गाठी किती सरकल्या ते मोजून काढलेली. म्हणजे ढोबळमानाने भास्कराचार्यांच्या काळातली, एकदोन शतकं इकडेतिकडे. त्यांना ती दिसली असती का? साकुराईचा तारा अकराव्या प्रतीच्या आसपासच पोचला होता. एबेल ३० हजारो प्रकाशवर्षं दूर. नुसत्या डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा योजना साधी: एच-अल्फामधून आणि ओ-थ्रीमधून वेगवेगळे फोटो घ्यायचे. ओ-थ्रीत कवचही येईल आणि मधली खरखरीत गाठाळ चमकही. एच-अल्फात कवच अगदी फिकं, पण येईल. मधली चमक नाहीशी होईल. त्या गायब होण्यासाठी सगळा खटाटोप.

आता जागेबद्दल. यवतच्या पश्चिमेला पुणे, तिकडचं आकाश क्षितिजापासून बरंच वर पिवळट. पूर्वेला कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीचा उजेड आहे, पण तो खाली राहतो. एबेल ३० पूर्वेकडून वर येतो ते चांगलंच. मध्यरात्रीनंतर तो पुण्याकडे झुकतो तोवर शहरातले निम्मे दिवे मालवलेले असतात. ३० अंशांच्या वर तो जवळजवळ साडेआठ तास असतो. पठारावर असावं म्हणून लोक भुलेश्वरच्या डोंगराकडे वळतात. तिथे वारा असतो, खालचं धुकं नसतं. देवळाच्या आणि वनखात्याच्या जागेत रात्री थांबायचं तर परवानगी मात्र आधी काढावी.

खाली शेतात बसायचं तर दोन गोष्टी. हा काळ उसाच्या हंगामाचा. गुऱ्हाळं धूर सोडत असतात, तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवलेलं असतं आणि वारा पडला की तो धूर रानावर थरासारखा बसतो. डोळ्यांना आकाश स्वच्छ वाटतं, फोटोत तारे अर्धे होतात. खात्री करायची तर कॅमेरा लावण्याआधी पुष्यातला तारकापुंज, एम ४४, नुसत्या डोळ्यांनी दिसतो का बघावं. दिसत नसेल तर सामान उघडू नये. दुसरी गोष्ट बिबट्याची. शिरूर-दौंड पट्ट्यात उसात बिबटे राहतात हे काही गुपित नाही. उसाच्या बांधावर एकट्याने पाठ करून लॅपटॉपच्या उजेडात बसणं हा शहाणपणा नव्हे. रात्रपाळीची वीज आली की पाणी धरायला शेतकरी बॅटऱ्या घेऊन निघतात. त्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं, फोटोसाठीही आणि सोबतीसाठीही.

माउंट ध्रुवाशी जुळवायला इथे जरा कष्ट पडतात. ध्रुव अवघा साडेअठरा अंश वर, भीमेच्या खोऱ्यावरच्या धुरकट पट्ट्यात. काही रात्री तो दिसतच नाही. मग कॅमेऱ्यानेच ताऱ्यांचं सरकणं मोजून अक्ष जुळवायचा. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते.

खमध्यावरून जाणाऱ्या वस्तूची एक खास अडचण असते. दुर्बीण सरळ वर झाली की तिचं मागचं टोक, कॅमेरा आणि फिल्टरच्या चक्रीसकट, तिपाईच्या पायाजवळ येतं. लांब नळीची दुर्बीण असेल तर ती पायाला टेकते, मोटर ढकलत राहते आणि आपल्याला कळतं तेव्हा दातेरी चाकं कुरकुरत असतात. उजेडातच, दुर्बीण रिकामी फिरवून, ती कुठे अडते ते पाहून घ्यावं आणि याम्योत्तर ओलांडण्याच्या आधीच बाजू बदलण्याची वेळ सॉफ्टवेअरमध्ये टाकावी. तोंड वर करून ठेवलेल्या भिंगावर दव सर्वांत लवकर धरतं, शेजारी कालव्याच्या पाण्यावरचा ऊस असेल तर विचारूच नका. तापणारी पट्टी पहिल्या फोटोच्या आधी चालू करायची; दव धरल्यावर पुसत बसण्यात रात्र जाते.

आणि चंद्र. एबेल ३० जवळजवळ क्रांतिवृत्तावरच आहे, म्हणजे चंद्राच्या वाटेवर. पौष पौर्णिमेला चंद्र याच भागात असतो, तेव्हा त्या आठवड्यात काही करता येत नाही. तांबड्या एच-अल्फात थोडं चांदणं खपतं. निळ्या-हिरव्या ओ-थ्रीत नाही, कारण हवा निळा उजेड जास्त विखुरते. काम करायचं ते मार्गशीर्ष, पौष आणि माघ या तीन अमावास्यांच्या आजूबाजूला. शेजारची योगतारकाही फोटोत असते. काही फिल्टर तिच्याभोवती एक गोल फिकट वलय उमटवतात आणि ते वलय दिसायला कुठल्याही तेजोमेघाइतकंच खरं वाटतं. दर काही फोटोंनी चौकट थोडी सरकवली की खरं काय आणि काचेचं काय ते कळतं: काचेचं वलय हलतं.

कॅमेरा थंड करता येणारा, एकरंगी असावा. उणे दहा अंशांवर ठेवला की सेन्सरचा स्वतःचा गोंधळ बराच बसतो. ओ-थ्रीत पाच मिनिटांचा एक, असे शेकडो फोटो लागतात. शंभर फोटो एकत्र केले की गोंगाटाच्या तुलनेत संकेत दहापट होतो, शंभरपट नाही. म्हणून दहा तासांच्या फोटोपेक्षा दुप्पट स्वच्छ फोटो हवा असेल तर चाळीस तास लागतात. वीसेक तास ओ-थ्रीला, दहा एच-अल्फाला, अशी वाटणी मला पटते. खरं तर उरलेली प्रत्येक रात्र ओ-थ्रीलाच द्यावी. शिवाय झाकण लावून तेवढ्याच वेळाचे ‘डार्क’ आणि पहाटे नळीच्या तोंडावर पांढरं धोतर ताणून उजळत्या आकाशाचे ‘फ्लॅट’. फ्लॅट टाळले तर धुळीच्या कणांची सावली कवचासारखी गोल दिसते आणि एक नवाच तेजोमेघ सापडल्याचा आनंद दोन दिवस टिकतो.

एक हजार मिलिमीटर नाभीय अंतर आणि पावणेचार मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर एका पिक्सेलमध्ये पाऊण विकला बसते. कवच सुमारे १६० पिक्सेल रुंद येतं. मधल्या गाठी सुट्या दिसतील अशी अपेक्षा धरू नये. हवा शांत असेल तरी तारे दोन-तीन विकला फुगतात. दिसते ती ताऱ्याभोवती ओ-थ्रीत एक वेडीवाकडी चमक. फोटो जोडताना, ‘सिरिल’सारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येसुद्धा, दोन्ही फिल्टरचे निकाल शेजारी ठेवावेत आणि सारख्याच ताणावेत. रंगीत चित्र करून मिसळण्याची घाई करू नये. मिसळलं की पुरावा गेला.

मधल्या ताऱ्यासाठी वेगळे, लहान फोटो घ्यावेत, साध्या तांबड्या-हिरव्या-निळ्या फिल्टरमधून. सूर्याचं पृष्ठ ५,८०० केल्व्हिनच्या आसपास. या ताऱ्याचं सुमारे १ लाख १५ हजार. आजूबाजूचे तारे पिवळट-पांढरे आणि हा एकटा निळा ठिपका, ओळखायला नकाशा लागत नाही. त्याचा बहुतेक उजेड मात्र अतिनीलमध्ये जातो आणि तो आपल्या हवेत अडतो. त्यासाठी वर जावं लागतं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुटलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावर अतिनील दुर्बीण आहे आणि या उपग्रहाच्या कामात पुण्याच्या ‘आयुका’चाही सहभाग होता. तिच्यातून एनजीसी ४० आणि एनजीसी ६३०२ या ग्रहीय तेजोमेघांभोवती, दृश्य प्रकाशात दिसतं त्याच्याही बाहेर पसरलेला अतिनील उजेड भारतीय संशोधकांनी २०१८ साली दाखवला. एनजीसी ४०चा मधला ताराही वेगळाच, हायड्रोजन गमावलेला. आपण जमिनीवरून टिपतो ते कवच तिथे संपतंच असं नाही, हे त्यातून कळलं.

एबेल ३०च्या ताऱ्याबाबत आणखी एक गोष्ट २०२० मध्ये पुढे आली. तो १.०६ दिवसांच्या आवर्तनाने किंचित कमीजास्त होतो, बहुधा त्याला जोडीदार आहे. हे केप्लर दुर्बिणीच्या दुसऱ्या पर्वात सापडलं. त्या पर्वात केप्लर फक्त क्रांतिवृत्ताच्या पट्ट्यातच पाहू शकत होता, आणि एबेल ३० नेमका तिथे. जी जागा चंद्रामुळे आपल्याला त्रास देते, तिच्यामुळेच हे कळलं. यवतमधून हे आवर्तन पकडणं फार अवघड. १.०६ दिवस म्हणजे साडेपंचवीस तासांच्या आसपास. रोज रात्री आपण जवळजवळ त्याच टप्प्यावर त्याला गाठतो, रोज जवळजवळ दीड तासाने मागे सरकत. रोज एकाच वेळी पाहत पूर्ण फेरा गाठायचा तर अठराएक सलग स्वच्छ रात्री हव्यात आणि त्यांतल्या काही रात्री चंद्र आड येणारच.

बदलणारा मधला तारा स्वतः मोजायचाच असेल तर एबेल ६३ घ्यावा. तो शर तारकासमूहात, क्रांती सतरा अंश, म्हणजे तोही यवतच्या जवळजवळ डोक्यावरूनच जातो. दसऱ्याच्या सुमारास अंधार पडतो तेव्हा तो माथ्यावर असतो. त्याच्या मध्ये यूयू शर हा ग्रहण लागणारा जोडतारा आहे. हॉवर्ड बाँड यांनी १९७६ साली तो आणि तेजोमेघ यांचं नातं ओळखलं. दर ११ तास १० मिनिटांनी गार जोडीदार तापलेल्या ताऱ्याला झाकतो आणि साडेचौदा प्रतीच्या आसपासचा तारा सुमारे चार प्रतींनी, म्हणजे चाळीसेक पटींनी मंदावतो. दोन आवर्तनं मिळून दिवसाला पावणेदोन तास कमी पडतात, त्यामुळे ग्रहण रोज तेवढं अलीकडे सरकतं. एका रात्री उशिरा सापडलं तर पुढच्या दोन-तीन रात्रींत ते संध्याकाळी सोयीच्या वेळी येतं. इथे ओ-थ्रीही लागत नाही. दोन-दोन मिनिटांचे साधे फोटो, शेजारच्या दोन-तीन स्थिर ताऱ्यांशी तुलना, आणि ग्रहणाच्या मध्यावरच्या फोटोत तो तारा चौकटीतून चक्क नाहीसा झालेला असतो.